पाठ असलं तरी पुस्तक उघडायचं

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा निरोप असा होता, की प्रत्येकाने आपल्या कामाबद्दल पंधरा मिनिटं बोलावं आणि विषय सोपा ठेवावा. पहिली अट मी पाळणार आहे. दुसरीबद्दल तुम्हीच शेवटी सांगा.

मी कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, हे तुम्हाला माहीत आहे. नेमकं काय करते हे मात्र फार जणांना माहीत नसावं. गेली अकरा वर्षं मी रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या गटात आहे. कॅन्सरच्या रुग्णाला केमोथेरपीचं कोणतं औषध, किती, कोणत्या दिवशी द्यायचं, हे डॉक्टर ज्या पडद्यावर नोंदवतात तो पडदा आणि त्यामागचा हिशेब, हे आमचं काम. पण आज मी सॉफ्टवेअरबद्दल बोलणार नाही. ते ज्या पुस्तकांच्या आधाराने चालतं, त्या पुस्तकांबद्दल बोलणार आहे.

त्याला कारण आहे. आपण सगळे आता पंचेचाळिशीच्या पुढे आलो. आई-वडील सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत. गेल्या वर्षभरात आपल्या ग्रुपमधून तिघांनी मला वेगळा मेसेज करून एकच गोष्ट विचारली. सोबत औषधाच्या कागदाचा फोटो, आणि प्रश्न: "तू या कामात आहेस ना, आईचा डोस बरोबर आहे का जरा बघशील?" तिघांनाही मी सांगितलं, की मी डॉक्टर नाही, आणि फोटो बघून डोस तपासायचा नसतो. तो कसा तपासतात, कोण तपासतं, आणि तुम्ही त्यात कुठे बसता, हे मेसेजमध्ये मावत नव्हतं. ते आज सांगते.

आपल्या शाळेत पाठांतराला मान होता. पाढे, सुभाषितं, रसायनशास्त्राची समीकरणं. "पुस्तक मिटा आणि सांगा" हे वाक्य आपण किती वेळा ऐकलं असेल! परीक्षेत पुस्तक उघडणं म्हणजे कॉपी. केमोथेरपीच्या खोलीत नियम अगदी उलटा आहे. तिथे पाठ असलं तरी पुस्तक उघडायचं. वीस वर्षांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांनीही आठवणीवर विसंबून डोस लिहायचा नाही. तिथे पुस्तक न बघणं हीच चूक.

असं का? साध्या तापाच्या गोळीत औषध थोडं कमी-जास्त झालं तर बहुतेक वेळा निभावतं. केमोच्या औषधांत गुण येणारा डोस आणि अपाय करणारा डोस यांच्यात अंतर फार थोडं असतं. या औषधांचा जन्मच तसा आहे. १९४२ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन यांच्या प्रयोगांतून लसिकाग्रंथींच्या कॅन्सरच्या एका रुग्णाला नायट्रोजन मस्टर्ड दिलं गेलं. ते युद्धातल्या मस्टर्ड वायूचं भावंडं. गाठी विरल्या, पण काही आठवड्यांनी परत आल्या. युद्धकाळातल्या गुप्ततेमुळे हे काम १९४६ मध्ये प्रसिद्ध झालं. याच दोघांनी १९४१ साली औषधशास्त्राचा जो ग्रंथ लिहिला, त्याच्या नव्या आवृत्त्या वैद्यकीचे विद्यार्थी आजही वापरतात. म्हणजे केमोथेरपीच्या सुरुवातीलाच औषध आणि पुस्तक एका हातातून आलेलं आहे.

आज या विषयाची पुस्तकं साधारण तीन प्रकारची असतात.

पहिला प्रकार जाडजूड ग्रंथांचा. डेव्हिटा, हेलमन आणि रोझेनबर्ग या तिघांच्या नावाने ओळखला जाणारा ग्रंथ १९८२ मध्ये पहिल्यांदा निघाला. एका हाताने उचलणं अवघड. तो शिकायला, समजून घ्यायला. दुसरा प्रकार खिशात मावणाऱ्या पुस्तिकांचा. एडवर्ड चू आणि व्हिन्सेंट डेव्हिटा यांची औषध-पुस्तिका दरवर्षी नव्याने निघते. तिच्यात एकेका औषधाची माहिती अकारविल्हे दिलेली असते: औषध कसं काम करतं, डोस किती, मूत्रपिंड किंवा यकृत अशक्त असेल तर किती कमी करायचा, कोणत्या दुसऱ्या औषधाशी पटत नाही, कोणते त्रास होतात. पुढे कॅन्सरच्या प्रकारानुसार औषधांच्या ठरलेल्या जोड्या असतात. तिसरा प्रकार नर्सेससाठीचा. अमेरिकेतली ऑन्कॉलॉजी नर्सिंग सोसायटी अशी पुस्तकं काढते. औषध कसं हाताळायचं, कोणते हातमोजे घालायचे, सांडलं तर काय करायचं, शिरेबाहेर गेलं तर काय करायचं, हे त्यात असतं. आपल्याकडे २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड सुरू झालं. मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर त्याचा समन्वय बघतं. देशभरातल्या कॅन्सर रुग्णालयांत उपचार शक्य तितके एकसारखे व्हावेत म्हणून त्यांनीही मार्गदर्शक तत्त्वं तयार केली आहेत.

आता यातलं एक पान उघडूया. गणिताचे सर समोर बसले आहेत, तेव्हा उदाहरण सोडवूनच दाखवते.

लसिकाग्रंथींच्या काही कॅन्सरवर चार औषधांचा एक जुना संच आहे, त्याला 'चॉप' म्हणतात. दर एकवीस दिवसांनी तो द्यायचा. पानावर लिहिलेलं असतं: सायक्लोफॉस्फमाइड ७५० मिलिग्रॅम, डॉक्सोरुबिसिन ५० मिलिग्रॅम, व्हिन्क्रिस्टिन १.४ मिलिग्रॅम, आणि पाच दिवस रोज १०० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या गोळ्या. यातले पहिले तीन आकडे शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरला आहेत. म्हणजे आधी माणसाचं पृष्ठफळ काढायचं. त्याचं मोस्टेलर यांनी १९८७ मध्ये दिलेलं सोपं सूत्र असं: सेंटिमीटरमधली उंची गुणिले किलोमधलं वजन, भागिले ३६००, आणि त्याचं वर्गमूळ. उंची १६०, वजन ५८ असेल तर उत्तर सुमारे १.६१ चौरस मीटर. डॉक्सोरुबिसिन आलं साधारण ८० मिलिग्रॅम. सायक्लोफॉस्फमाइड साधारण १२०० मिलिग्रॅम. व्हिन्क्रिस्टिन आलं सव्वादोन मिलिग्रॅम.

इथे थांबायचं. त्याच पानावर बारीक अक्षरांत आणखी एक ओळ असते: व्हिन्क्रिस्टिन जास्तीत जास्त २ मिलिग्रॅम. गणित बरोबर आहे, सूत्र बरोबर आहे, आणि तरीही सव्वादोन द्यायचं नाही. त्यापुढे मज्जातंतूंना इजा होण्याचा धोका वाढतो. ही ओळ हिशेबातून निघत नाही, ती फक्त पुस्तकात सापडते. आणखी एक गंमत बघा. 'चॉप' या नावातला 'एच' डॉक्सोरुबिसिनच्या जुन्या रासायनिक नावातून आला आहे आणि 'ओ' हा व्हिन्क्रिस्टिनच्या एका कंपनीच्या ब्रँडच्या नावातून. औषधाच्या खोक्यावर ती अक्षरं शोधली तर सापडणार नाहीत. पाठांतरावर चालणाऱ्या माणसाला इथे ठेच लागू शकते.

आणि प्रत्येक औषधाचं गणित एकाच पद्धतीचंही नसतं. कार्बोप्लॅटिन हे औषध शरीरातून मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. म्हणून त्याचा डोस काढताना पृष्ठफळ बाजूला ठेवून मूत्रपिंडाचा वेग धरतात. काल्व्हर्ट यांनी १९८९ मध्ये त्याचं सूत्र दिलं. पान बदललं की रीत बदलते.

हे व्हिन्क्रिस्टिन येतं कुठून माहीत आहे? सदाफुलीतून. अंगणात, कुंपणाला, कुठेही उगवते ती सदाफुली. मूळची मादागास्करची. तिच्यातूनच दुसरं औषध मिळतं, व्हिन्ब्लास्टिन. दोन्ही कॅन्सरवरच चालतात आणि नावं जुळ्या बहिणींसारखी. पण व्हिन्ब्लास्टिनचा नेहमीचा डोस चौरस मीटरला ६ मिलिग्रॅमच्या घरात आहे. आपल्या उदाहरणातल्या बाईंना चुकून त्या हिशेबाने व्हिन्क्रिस्टिन दिलं, तर २ च्या जागी साडेनऊ मिलिग्रॅमच्या वर जाईल. म्हणून इंग्रजी पुस्तकांत आणि आमच्या पडद्यावरही या दोन नावांतली वेगळी पडणारी अक्षरं मुद्दाम मोठी छापतात, म्हणजे डोळा तिथे अडावा.

व्हिन्क्रिस्टिनची आणखी एक अट आहे. ते फक्त शिरेतून द्यायचं. काही रुग्णांना त्याच दिवशी मणक्यातून दुसरं औषध द्यायचं असतं. दोन सिरिंज शेजारी ठेवल्या गेल्या आणि व्हिन्क्रिस्टिन मणक्यातून दिलं गेलं, तर रुग्ण सहसा वाचत नाही. असं जगात अनेकदा झालं आहे, चांगल्या रुग्णालयांतही. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इशारा दिला, की व्हिन्क्रिस्टिन सिरिंजमध्ये भरूच नका, छोट्या सलाईनच्या पिशवीत द्या. पिशवी मणक्याच्या सुईला कोणी लावायला जाणार नाही. मला हा उपाय फार आवडतो. माणसाला "लक्ष ठेव" असं नुसतं बजावण्यापेक्षा वस्तूच अशी ठेवली, की चूक करायला गेलं तरी हात अडेल.

आता एक दुःखद हकिकत. १९९४ साली बॉस्टनमध्ये बेट्सी लेहमन नावाच्या पत्रकार बाई होत्या. 'बॉस्टन ग्लोब' या वृत्तपत्रात आरोग्यावर लिहायच्या. वय ३९. स्तनाच्या कॅन्सरवर त्यांचे उपचार चालले होते, आणि तेही अमेरिकेतल्या अत्यंत नावाजलेल्या कॅन्सर संस्थेत. उपचाराच्या टिपणात सायक्लोफॉस्फमाइडचा जो आकडा होता, तो चार दिवसांत मिळून द्यायचा होता. ओळ अशी लिहिली होती, की तिचा अर्थ 'रोज इतका, चार दिवस' असाही लागे. तसाच लावला गेला. चौपट औषध गेलं. ३ डिसेंबर १९९४ रोजी त्या वारल्या. डॉक्टर, फार्मासिस्ट, नर्स, सगळ्यांच्या हातून तो कागद गेला होता. चूक लक्षात आली ती पुढच्या फेब्रुवारीत, नोंदी तपासताना. आपली दहावीची परीक्षा जवळ आली होती, ते हे दिवस.

या घटनेने अमेरिकेतल्या रुग्णालयांची रीत बदलायला मोठा हातभार लागला. मॅसॅच्युसेट्स राज्यात रुग्णसुरक्षेसाठी काम करणारं जे सरकारी केंद्र आहे, त्याला बेट्सी लेहमन यांचंच नाव आहे. माझ्या कामाला लागल्यावर हे प्रकरण मी वाचलं, तेव्हा एक गोष्ट मनात पक्की बसली. तिथे कुणाला ज्ञान कमी नव्हतं. तिथे एका ओळीचे दोन अर्थ निघत होते, आणि पुढच्या प्रत्येकाने मागच्याचा अर्थ खरा धरला.

मराठीच्या बाई आपल्याला वाक्यरचनेवरून किती रागवायच्या! "वाचणाऱ्याला दोनदा वाचावं लागलं तर वाक्य चुकलं," असं त्यांचं म्हणणं. चांगलं केमोचं पुस्तक बाईंच्या कसोटीला उतरतं. त्यात 'रोजचा डोस' आणि 'एका फेरीचा एकूण डोस' वेगवेगळे लिहितात. पहिला दिवस कोणता, आठवा कोणता, ते सांगतात. औषधाचं नाव तोडून लिहीत नाहीत. दोन मिलिग्रॅम लिहायचे तर '२' लिहितात, '२.०' नाही, कारण टिंब पुसट झालं तर वाचणारा वीस वाचेल. आणि अर्धा लिहायचा तर '०.५', आधीचं शून्य कधी गाळायचं नाही. गणिताच्या वर्गात '२' आणि '२.०' यांत फरक नव्हता. इथे दहा पटींचा आहे.

पण पुस्तक कितीही चांगलं असलं तरी ते वाचणारा माणूस दमलेला असू शकतो. म्हणून दुसरी रीत: ताळा. २००९ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या आणि नर्सेसच्या संघटनांनी मिळून केमोच्या सुरक्षिततेचे नियम प्रसिद्ध केले. त्यांचा गाभा हाच, की औषध देण्याआधी दोन जाणकारांनी वेगवेगळं तपासायचं. यात 'वेगवेगळं' हा शब्द महत्त्वाचा. एकाने उत्तर सांगायचं आणि दुसऱ्याने मान डोलवायची, हा ताळा नव्हे. शेजारच्याच्या वहीत बघून उत्तर जुळवणं आणि आपण स्वतः गणित सोडवून उत्तर जुळणं यांत जो फरक, तोच इथे.

हे मी एका सिस्टरांकडून शिकले. नवीन पडदा तयार करण्याआधी आम्ही रुग्णालयात जाऊन काम कसं चालतं ते बघतो. एका केमो वॉर्डमध्ये मी दिवसभर स्टुलावर बसून टिपणं घेत होते. एक आजी तिसऱ्या फेरीसाठी आल्या होत्या. औषध तयार होऊन आलं होतं, पिशवीवर नाव बरोबर, डोस कागदाशी जुळत होता. सिस्टरांनी पिशवी लावली नाही. म्हणाल्या, "आजी, आधी काट्यावर उभ्या राहा." कागदावर वजन ५८ होतं, पहिल्या फेरीचं. काट्यावर आलं ४९. आजींची भूक गेली होती. घरच्यांनी आधी वाद घातला, "आता आणखी किती थांबायचं?" सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "काका, कागद जुळतोय, पण माणूस जुळत नाहीये." डॉक्टरांना फोन गेला, हिशेब पुन्हा झाला, रक्ताचे रिपोर्ट पुन्हा बघितले गेले. दोन तास गेले. मी तिथल्या तिथे वहीत लिहिलं: वजन किती जुनं आहे ते पडद्यावर दिसलंच पाहिजे. आज आमच्या सॉफ्टवेअरमध्ये वजन ठरावीक दिवसांपेक्षा जुनं असेल तर पुढचं पान उघडतच नाही. ती सूचना आमच्या कुणा इंजिनिअरची नाही, त्या सिस्टरांची आहे.

मग प्रश्न येतो, सॉफ्टवेअर आल्यावर पुस्तक कशाला? सॉफ्टवेअरमध्ये आकडे येतात ते पुस्तकातून आणि रुग्णालयाच्या समितीने मंजूर केलेल्या पानांतून. ते भरताना एक फार्मासिस्ट भरतो, दुसरा मूळ पान समोर ठेवून तपासतो, डॉक्टर सही करतात, आणि कोणत्या आवृत्तीतून घेतलं त्याची नोंद राहते. छापील पुस्तकात चूक राहिली तर ती एका पानावर राहते, आणि शुद्धिपत्रक निघतं. सॉफ्टवेअरमध्ये राहिली तर ती त्याच दिवशी प्रत्येक रुग्णापर्यंत पोहोचू शकते. शिवाय पडद्यावर सारख्या लाल सूचना यायला लागल्या, की माणूस न वाचताच 'ठीक आहे' दाबतो. म्हणून सूचना थोड्या आणि नेमक्या ठेवणं, हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे.

पुस्तकातलं आणखी एक पान सांगते, कारण ते मला नेहमी थक्क करतं. औषध शिरेबाहेर झिरपलं तर आजूबाजूची त्वचा, मांस जळू शकतं. डॉक्सोरुबिसिन झिरपलं तर त्या जागी थंड शेक द्यायचा. व्हिन्क्रिस्टिन झिरपलं तर गरम. दोन्ही औषधं एकाच संचात, एकाच सकाळी, एकाच हातातून जातात, आणि उपाय अगदी उलटे. अशा वेळी आठवायला वेळ नसतो. भिंतीवर लावलेला तक्ता लागतो.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. घरात कुणाची केमो चालू असेल तर तुम्ही काय करू शकता? ही जाड पुस्तकं घरी आणून वाचू नका. त्यात दुष्परिणामांची यादी लांबलचक असते, आणि ती डॉक्टरांनी डोळ्यात तेल घालून बघावी म्हणून असते, घरच्यांनी रात्री जागून वाचावी म्हणून नाही. त्यापेक्षा एक दोनशे पानी वही करा.

वहीत पहिल्या पानावर आजाराचं नाव, औषधांच्या संचाचं नाव, आणि एकूण किती फेऱ्या ठरल्या आहेत, ते डॉक्टरांना विचारून लिहा. आधीपासून चालू असलेल्या सगळ्या गोळ्या लिहा, आयुर्वेदिक काढ्यासकट. प्रत्येक फेरीला तारीख, त्या दिवशीचं वजन, आणि रक्ताचा रिपोर्ट. वजन घेतलं नाही तर आठवण करा, त्यात संकोच कसला? सिस्टरांनी नाव विचारलं तर पेशंटने स्वतः पूर्ण नाव सांगावं. दहा वेळा विचारलं तरी चिडू नका, तो ताळा आहे. सुईच्या जागी आग झाली, सूज आली, तर त्याच क्षणी सांगा, "सहन करते" म्हणून गप्प बसू नका. गोळ्यांची केमो असेल तर कोणते दिवस घ्यायच्या आणि कोणते दिवस सोडायच्या, ते कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. मेथोट्रेक्सेट नावाची गोळी तर संधिवातालाही देतात, आणि ती आठवड्यातून एकदाच असते. आपल्याच येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेतून आलेलं हे औषध. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. कागदावर वार लिहून घ्या.

आणि ताप. केमोनंतर साधारण एक ते दोन आठवड्यांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. तेव्हा १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयात फोन करायचा. तो नंबर वहीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत असू द्या.

डॉक्टरांवर अविश्वास दाखवा, असं मी म्हणत नाही. जे डॉक्टर तुमच्यासमोर पुस्तक उघडतात, पडदा बघतात, शेजारच्या सिस्टरांना "जरा तपासा" म्हणतात, त्यांना काही येत नाही असं समजू नका. ते काम बरोबर करत आहेत. आपल्याकडे उत्तर तोंडावर असणाऱ्याला हुशार म्हणायची सवय आहे. केमोच्या खोलीत हुशार तो, जो येत असूनही पुन्हा बघतो.

सर, बाई, तुम्ही आमच्याकडून खूप पाठ करून घेतलंत, त्यातलं पुष्कळ अजून आठवतं. पण उत्तर काढल्यावर ताळा करायची जी सवय तुम्ही लावलीत, तिच्यावर माझी रोजची भाकरी चालते. त्याबद्दल तुम्हा सगळ्यांना नमस्कार करते.

वहीचा एक नमुना मी तयार केला आहे, एका पानाचा. कुणाला हवा असेल त्याने जेवणानंतर माझ्याकडून घेऊन जावा. तो वापरायची वेळ कुणावर न येवो, पण आली तर पहिल्या दिवसापासून लिहायला लागा.